रॅली, मार्गे हेदवी-बुरोंडी

मोटार चालवण्याच्या बाबतीत मी स्वतःची फारशी स्तुती करत नाही. एवढंच म्हणतो, की रत्नागिरीत माझ्यासारखा चालवणारा दुसरा नाही! साळवी स्टॉपच्या गर्दीत, पुढे रिक्षा, मागे मासळीचा टेम्पो आणि शेजारी शिंगं उगारलेला बैल असताना मी गाडी उलटी घेऊन बाहेर काढली आहे. बैलसुद्धा बाजूला झाला होता!

त्यामुळे आमच्या कॉलेजच्या फलकावर ती जाहिरात दिसली, तेव्हा ती माझ्यासाठीच लावली आहे याबद्दल मला शंका उरली नाही. ‘हौशी मोटार रॅली. रत्नागिरी ते रेवदंडा आणि परत. समुद्राकाठच्या रस्त्याने तीन दिवस, साडेपाचशे किलोमीटर.’ मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या हातात स्टॉपवॉच देतो आहे. रॅलीत वेळ महत्त्वाचा, आणि वेळ तर माझ्या कपाटात कुलपात असतो!

घरी पोचलो तो थेट स्वयंपाकघरात गेलो. दर्शना, म्हणजे आमची बायको, बांगडे साफ करत होती.

“दर्शना, मी रॅलीत उतरतोय!”

“उतरा. पण आधी पलंगाखालची अळंबीची पोती काढा.”

इथे थोडा खुलासा करायला हवा. मी अधूनमधून काही गोष्टी जाहीर करतो. अळंबीची शेती जाहीर केली होती. बासरी जाहीर केली होती. पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर धावणं जाहीर केलं होतं, त्यासाठी बूटही आणले होते. या सगळ्याची सुरुवात झोकात झाली. पुढचं विचारू नका. आळीत मला ‘घोषणा खातं’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

त्यात माझ्या मेव्हण्याचा, सुजयचा, ठाण्याहून फोन आला. त्याने आधीच नाव घातलं होतं. त्याची गाडी आमच्या पडवीएवढी मोठी आहे.

“भावोजी, रॅली म्हणजे शिस्त असते. तुम्ही असं करा, सुरुवातीला झेंडा दाखवायला या!”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “ऐक सुजय! शेवटची चौकी ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला पितळेचा बिल्ला मिळतो. तो बिल्ला मी आणणार! नाही आणला, तर आयुष्यात पुन्हा कसलीही घोषणा करणार नाही!”

“हे लिहून द्या!” स्वयंपाकघरातून आवाज आला. आणि खरोखर लिहून घेतलं हो! खाली सही, वर तारीख.

आता प्रश्न होता सहचालकाचा. रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारं एक माणूस लागतं. मी दर्शनाला विचारलं.

“लग्नाला चोवीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “माझं ऐकून तुम्ही एकदा तरी डावीकडे वळलात का?”

मी आठवून पाहिलं. नव्हतो वळलो. त्यामुळे मी कुंपणापलीकडे मालनआत्यांना विचारलं. आत्या नात्याने आमच्या कोणी नाहीत, पण सगळी आळी त्यांना आत्याच म्हणते. वय एकसष्ट. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या, त्यातली बरीचशी याच किनाऱ्याच्या गाड्यांवर. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून ओटीवर बसून समोरच्या रस्त्यावरची रहदारी बघतात. मी मनात म्हटलं, बसतील बिचाऱ्या शेजारी. तेवढंच त्यांना फिरणं होईल!

आत्यांनी चष्मा लावला, रॅलीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि वर बघून म्हणाल्या, “अनिल, तू हे वाचलंस?”

“चाळलं.”

“ही शर्यत नाय रे. सगळ्यांच्या पुढे जाणाऱ्याला काय मिळत नाय हितं. प्रत्येक चौकीवर ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशिरा गेलास तर मिनिटाला एक गुण कापणार. लवकर गेलास तर दोन!”

“लवकर गेलं तर जास्त? हा काय उफराटा न्याय?”

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला हातात मुदत संपलेला पास धरून उभा असलेला पोरगा झाल्यासारखं वाटलं. “गाडी उशिरा आली तर माणूस शिव्या देतो, पण गाडीत बसतो. गाडी वेळेच्या आधी गेली तर माणूस स्टॉपवर ऱ्हातो. त्याची परीक्षा चुकते, डॉक्टर चुकतो, बोट चुकते. लवकर जाणारी गाडी वाईट, अनिल. ज्याने नियम केला तो शहाणा हाय.”

इतकं साधं कारण माझ्या फिजिक्सला सुचलं नव्हतं.

रविवारी आम्ही सरावाला जयगडपर्यंत गेलो. आत्या येताना देवघरातली पितळी घंटा घेऊन आल्या. “तोंडाने सांगितलेलं तू ऐकत नाहीस, असं दर्शना म्हणाली. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. ह्याच्यापलीकडे काय सांगायची वेळ मला बावीस वर्षांत आली नाय.”

मी म्हटलं, आपण दाखवूच! आरे-वारेच्या चढावर समुद्र खाली निळाशार पसरलेला, वळणामागून वळण, आणि मी असा काही सुटलो की विचारू नका! एका वळणावर डाव्या बाजूची जांभ्याची गडग्याची भिंत जरा जास्तच जवळ आली. कर्रर्र असा आवाज झाला. आरसा मागे राहिला, आम्ही पुढे गेलो.

टिण!

थांबलो. आत्या उतरल्या, चालत मागे गेल्या, आरसा उचलून आणला, माझ्या मांडीवर ठेवला आणि आपल्या जागेवर बसल्या. टिण टिण! जयगडला आम्ही नऊ मिनिटं लवकर पोचलो, म्हणजे अठरा गुण गेले आणि आरसा गेला तो निराळाच.

खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो. साडेपाचशे किलोमीटर! तीन दिवस! बासरी बरी होती, ती भिंतीला घासत नाही. रात्री जेवताना मी दर्शनाला म्हणालो, “पाठीत थोडी उसण भरल्यासारखी वाटते गं.” तिने फक्त माझ्या सहीच्या कागदाकडे पाहिलं.

तरी अंगात खुमखुमी होतीच. बुधवारी मी आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोकात संदेश टाकला: ‘नमस्कार मंडळी! शनिवारी सकाळी सहा वाजता आमची गाडी निघत आहे. मार्ग: जयगड, हेदवी, गुहागर, दाभोळ, बुरोंडी, दापोली, रेवदंडा. सोमवारी परत. आपल्या सर्वांची साथ असावी!’

काय प्रतिसाद हो! पाच मिनिटांत एकेचाळीस अंगठे! ‘वा!’ ‘फार छान!’ ‘देवासारखे आहात!’ ‘नक्की सहा ना?’ एकाने विचारलं, ‘डिकीत जागा किती?’ लोकांना गाडीच्या तांत्रिक बाजूतही एवढा रस आहे, हे पाहून मी भारावलो. लिहिलं, ‘भरपूर! २३५ लिटर!’ त्यावर आणखी सतरा अंगठे आले.

गुरुवारी संध्याकाळी तुळसाकाकू आल्या. आमच्या पलीकडचंच घर. हातात पिशवी, तोंडावर हसू. मी समजलो, नारळ देऊन ओवाळायला आल्या. मी नम्रपणे डोकं पुढे केलं. काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली.

“ही आमच्या लेकीची, वेदिकाची हां. बुरोंडीला. वर सुकी आमसुलं हायत, कुळथाचं पीठ हाय. शनिवारी सकाळी तवसाचं धोंडस करून देईन, त्याचा डबा वरच ठेवा.”

“काकू, पण आम्ही रॅलीला…”

“होय तर! वाचलं ना मी. गाडी बुरोंडीवरनंच जाते!”

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकेचाळीस अंगठे! आमच्याकडे कोणी ‘गाडी निघत आहे, मार्ग अमुक’ असं कळवलं, तर त्याचा अर्थ एकच होतो: काही पाठवायचं असेल तर आणून द्या. जन्मापासून आम्ही सगळे असंच करत आलो. जाणाऱ्याच्या हाती द्यायचं आणि निर्धास्त व्हायचं. मी माझ्या हाताने, मार्ग आणि वेळ लिहून, वर लिटरसकट, सगळ्या आळीला आमंत्रण दिलं होतं!

शुक्रवारी दुपारपर्यंत आमची पडवी एसटीच्या पार्सल खिडकीसारखी दिसू लागली. गुहागरच्या बहिणीला मिक्सरचं भांडं. दाभोळच्या साडूला हापूसची तीन कलमं, मुळाशी मातीच्या गोळ्यासकट. दापोलीच्या भाचीला कॅरमबोर्ड. कोकमाच्या आगळाच्या सहा बाटल्या, प्रत्येक निराळ्या पत्त्याची. आणि हेदवीच्या भजनी मंडळाचा मृदंग! आमच्या आळीतल्या लवूने त्याला नवी शाई भरून दिली होती आणि शनिवारी संध्याकाळी तिकडे भजन होतं.

“हे मी नेणार नाही!” मी ओरडलो. “मी खेळाडू आहे! हमाल नाही!”

“नको नेऊ,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “पण मागल्या वर्षी दापोलीला चष्मा विसरून आलास, तो कोणी आणला?”

चष्मा पाच हातांतून दोन दिवसांत आला होता. शेवटचा हात आईस्क्रीमच्या गाडीवाल्याचा होता आणि काचा थंडगार होत्या.

पण त्याच वेळी माझ्या मनात एक फार सोयीस्कर विचार आला. नियमावलीत एक कलम होतं: ‘गाडीत कोणतेही सुटे सामान आढळल्यास प्रवेश नाकारला जाईल.’ म्हणजे उद्या पहाटे तपासणीत गाडी बाद! माझा काही दोष नाही! मी तर निघालोच होतो, पण आळीच्या लोकांसाठी त्याग केला! घोषणा मोडली नाही, भिंतीला पुन्हा घासायला नको, आणि वर सहानुभूती! मी इतक्या आनंदाने मृदंग उचलला, की दर्शनाने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी साडेपाचला मैदानावर एकतीस गाड्या उभ्या होत्या. तपासणीला शुभंकर नावाचा एक तरुण होता, गळ्यात शिट्टी, हातात पाटी. तो आमच्या गाडीपाशी आला आणि थबकला. मागच्या सीटवर मृदंग, पट्टा लावून बसवलेला. त्याच्या शेजारी कलमं.

“काका, हे काय आहे?”

“सामान!” मी उत्साहाने म्हणालो. “फार आहे! बाद ना?”

त्याने मृदंग हलवून पाहिला. मृदंग हलला नाही. कॅरमबोर्ड ओढला. कॅरमबोर्ड जागचा सरकला नाही. डिकी उघडून तो दोन्ही हातांनी सामानाला भिडला. हलली ती गाडी! आत्यांनी आदल्या दिवशी दोन तास बसून गोणपाट आणि सुंभाने असं काही बांधलं होतं, की बाटलीला बाटली लागत नव्हती. उतरण्याच्या क्रमाने रचलेलं, प्रत्येकावर गावाचं नाव.

“नियम सुट्या सामानाचा हाय,” आत्या म्हणाल्या. “ह्यातलं सुटं काय ते दाखव.”

शुभंकरने पुन्हा एकदा सुंभ ओढून पाहिला. त्याने पाटीवर खूण केली आणि हळूच विचारलं, “आजी, हे कुठे शिकलात?”

“एसटीच्या टपावर,” आत्या म्हणाल्या.

पुढे सुजयच्या आलिशान गाडीत पाण्याची एक सुटी बाटली गडगडताना सापडली आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आता खरोखरच रॅलीत होतो!

टिण टिण! सहा वाजून चौदा मिनिटांनी आमची चौदा नंबरची गाडी सुटली.

आता पुढचं सांगताना मी स्वतःबद्दल फार बोलणार नाही, कारण बोलण्यासारखं सगळं शेजारच्या सीटवर चाललं होतं. आत्यांच्या मांडीवर मार्गपुस्तिका, डाव्या मनगटावर घड्याळ आणि उजव्या हातात घंटा. रस्त्याकडे त्या फारशा बघतही नव्हत्या. “आता उतार. आता साकव. साकवावर खड्डा डाव्या बाजूला.” ओढ्यावरचा तो लहानसा पूल आला, आणि खड्डा डाव्या बाजूलाच! चार वर्षांत तोही बुजला नव्हता आणि आत्यांची आठवणही.

आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक पत्त्यावर फोन करून ठेवले होते. मी ते ओझरतं ऐकलं होतं. “आठ सत्तेचाळीसला. देवळाच्या फाट्यावर. उभे ऱ्हावा. चहा नाय. सरबत नाय. बसा म्हणायचं नाय!” कोकणातल्या माणसाला ‘बसा म्हणू नका’ सांगणं म्हणजे काय, हे कोकणातल्यालाच कळेल. पण बोलणारी बाई बावीस वर्षं गाडी सोडत आलेली होती. तिच्यापुढे कोणाचं चाललं नाही.

हेदवीच्या फाट्यावर भजनी मंडळाचे सात जण रांगेत उभे. टिण! खिडकीतून मृदंग बाहेर. मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी एक थाप मारून पाहिली, मान डोलावली. “अहो, जरा प्रसाद तरी…” टिण टिण! बावीस सेकंद! आणि गंमत अशी, की मी सवयीप्रमाणे जोरात हाणत होतो, त्यामुळे आम्ही दर टप्प्याला मिनिट-दीड मिनिट आधी असायचो. तेवढं मिनिट आत्या बरोबर एका पार्सलात घालवायच्या. मिक्सरचं भांडं उतरलं, की घड्याळ जागेवर!

वाटेतल्या बऱ्याच चौक्या गुप्त होत्या. कुठे असतील सांगितलेलं नव्हतं. गुहागरच्या अलीकडे आत्या एकदम म्हणाल्या, “वेग कमी कर. पुढच्या वळणावर काजूच्या मागे जीप हाय.”

“तुम्हाला दिसली?”

“दिसायला कशाला हवी? मी तिकडे असते तर तिथेच उभी केली असती. बावीस वर्षं चेकिंगवाल्यांबरोबर काढली, अनिल.”

काजूच्या मागे जीप होती! तीत बसलेल्या माणसाने घड्याळ पाहिलं, कागदावर लिहिलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. शून्य मिनिटं! चौथ्यांदा शून्य!

धोपावेच्या जेटीवर फेरीबोटीत चढताना बोटीवरच्या खलाशाने आत्यांना पाहिलं आणि तो ओरडला, “कंडक्टरबाई! बाई आल्या रे!” तिघेचौघे धावत आले. एकाने सांगितलं, बाळंतपणाला अडलेल्या त्याच्या बायकोला दवाखान्यात पोचवायला आत्यांनी भरलेली गाडी थेट नेली होती, तेव्हा झालेला मुलगा आता नववीत आहे. आत्या नुसत्या हसत होत्या. बोट सुटली, खाडीचा वारा आला, आणि त्या कठड्याला धरून दाभोळच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, “चार वर्षं झाली रे हे बघून.” मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. आणि शरमही वाटली. मी त्यांना फिरायला नेतो आहे असं समजत होतो!

मग आली बुरोंडी.

फाट्यावर वेदिकाचा दीर यायचा होता. अकरा बत्तीस. फाट्यावर कोणी नाही. फोन लावला, तर रेंज नाही. वेदिकाचं घर खाली बंदराजवळ. तिला आठवा महिना, प्रवास बंद, आणि तुळसाकाकूंच्या यजमानांचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे काकूंनाही येता येत नव्हतं. सकाळी डबा देताना काकू मला एवढंच म्हणाल्या होत्या, “गेले पंधरा दिवस तिला काय जात नाय. आईच्या हातचं चार घास जाईल.” डबा आत्यांच्या पायाशी सुंभाने बांधलेला होता. काकडी किसून, गूळ घालून भाजलेल्या त्या धोंडसाचा वास गाडीभर पसरला होता.

आत्यांनी घड्याळ पाहिलं. “खाली जाऊन वर यायला बावीस मिनिटं. दापोलीची चौकी बारा दहाला. तीस मिनिटांच्या वर उशीर झाला तर गाडी बाद. म्हंजे हातात आठच मिनिटं.”

गाडी बाद म्हणजे बिल्ला नाही. बिल्ला नाही म्हणजे तो सहीचा कागद. आणि आतापर्यंत पाचही चौक्यांवर शून्य! माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट शेवटाकडे चालली होती हो! मी आत्यांकडे पाहिलं. वाटलं, त्याच सांगतील ‘चल’. आत्यांनी घंटा मांडीवर ठेवली.

“गाडी तुझी हाय,” त्या म्हणाल्या.

मी चाक डावीकडे वळवलं. दर्शनाने पाहायला हवं होतं!

वेदिका दारातच बसली होती. डबा पाहून तिने विचारलं, “आईने दिलं?” आणि तिथेच झाकण काढून, बसल्या बसल्या, हाताने खायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात धोंडस. दीर बोटीवरून वेळेत परतलाच नव्हता. मी निघायला वळलो. तेवढ्यात तिच्या सासूबाई ट्रे घेऊन आल्या.

“चहा!”

“नको!” आत्या आणि मी एकदम ओरडलो.

“पहिल्यांदा उंबऱ्याला आलात. पोरीसाठी आलात. आणि तसेच जाल?”

हेदवीचे सात बुवा जिथे हरले, तिथे ही एक बाई जिंकली. बावीस वर्षांचा अनुभव मुकाट्याने खाटेवर बसला. चहा उकळता होता. बशीत ओतून, फुंकून, सहा मिनिटं!

बाहेर आलो तर पाखाडीसारख्या त्या अरुंद रस्त्यावर, गाडीच्या पुढे, बर्फाचा टेम्पो आडवा. बंदरावर बोटी लागलेल्या, बर्फ उतरवल्याशिवाय तो हलणार नव्हता. गाडी वळवायला जागा नाही. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले बोंबील. मागे चढ, वळणं आणि मुख्य रस्ता.

“उलटी घेशील?” आत्यांनी विचारलं.

“वरपर्यंत?”

“वरपर्यंत.”

मी आत बसलो, आत्या गाडीच्या मागे जाऊन चढ चढू लागल्या. साडीचा पदर खोचलेला, हातात घंटा. “येऊ दे… येऊ दे… डावीकडे काप… येऊ दे…” टिण! “सरळ कर… हां, आता ये!” टिण टिण! मला एका बाजूचा आरसा नव्हता. त्या बाजूला मी आत्यांच्या आवाजाने चालवलं. कोळणी टोपल्या उचलून बाजूला होत होत्या. पोरं टाळ्या पिटत होती. एकाही बोंबलाला धक्का लागला नाही! वर फाट्याला पोचलो तेव्हा आत्यांना धाप लागली होती आणि माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

आत्या आत बसल्या. घड्याळ पाहिलं. “उलटी चांगली घेतोस रे,” त्या म्हणाल्या.

मला लोकांनी आजवर बरीच प्रमाणपत्रं दिली आहेत, त्यातली बहुतेक सहभागाबद्दलची. पण हे ऐकून मी असा फुललो, की दापोलीपर्यंतचे दोन गिअर आपोआप पडले!

दापोलीची चौकी: अठ्ठावीस मिनिटं उशीर. अठ्ठावीस गुण गेले. पण गाडी जिवंत होती!

पुढचे दोन दिवस सगळ्या चौक्यांवर मिळून तीन गुण गेले, तेही रेवदंड्याजवळ मला एका गायीचं मन मोडवेना म्हणून. येताना गाडी हलकी असेल असं मला वाटलं होतं. पण आपल्याकडे आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. कॅरमबोर्डाच्या जागी मधाच्या बाटल्या आल्या, मिक्सरच्या भांड्याच्या जागी दुसरं भांडं, लाडवांनी भरलेलं. आत्यांनी पुन्हा सुंभ काढला.

सोमवारी संध्याकाळी आम्ही रत्नागिरीची शेवटची चौकी ठरल्या मिनिटाला ओलांडली. एकतीस गाड्यांत नववा नंबर! सुजय सतरावा! बिचारा रॅलीभर लवकर पोचत होता. आणि उत्कृष्ट सहचालकाचं खास बक्षीस आलं मालनआत्यांना. त्या मंचावर चढल्या, तेव्हा टाळ्या थांबेनात. शुभंकर शिट्टी वाजवत होता. मी तर इतका ओरडलो, की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत खुणांनी बोलत होतो.

पितळेचा बिल्लाही मिळाला. मी तो दर्शनासमोर धरला. तिने उलटसुलट पाहिला, पदराने पुसला आणि माझ्या शर्टाला लावताना म्हणाली, “तुम्ही पूर्ण केलंत हो!” इतक्या आश्चर्याने म्हणाली, की आनंद मानावा का राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने तो सहीचा कागद मात्र फाडला.

आठवड्याने आत्या हातात अर्ज घेऊन कुंपणापाशी आल्या. पुढच्या वर्षीची रॅली! कारवारपर्यंत! मी पेन काढलं आणि चालकाच्या रकान्याकडे हात नेला.

तिथे आधीच लिहिलेलं होतं: सुजय.

“त्याचा फोन आलेला,” आत्या म्हणाल्या. “शिकवा म्हणाला. पोरगा लवकर पळतो, पण ऐकतो. आणि त्याच्या गाडीची डिकी तुझ्या दुप्पट हाय.”

“आणि मी?” मी विचारलं. आवाज जरा बारीक आला.

“मागल्या सीटवर तूच,” आत्या म्हणाल्या. “कलमं धरायला कोणीतरी लागेलच की.”

मी मान वर करून, छाती पुढे काढून, अगदी खेळाडूच्या रुबाबात ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. विचार साधारण चार सेकंद केला.

सध्या मी मांडीवर दोन कुंड्या घेऊन सोफ्यावर बसायचा सराव करतो आहे.